एक, तीन, चार, दोन

एक

“दोन नंबर कायम शेवटी,” दादा म्हणाला. “एक, तीन, चार, दोन. म्हण.”

“एक, तीन, चार, दोन.”

“परत.”

“दादा, माझी नर्सिंगची मुलाखत हाय. इंजनाची न्हाई.”

“आन् बाईनं इचारलं, काय गं शालन जगदाळे, जीपचं इंजन कसं पेटतं, तर?”

“तर म्हणंन, माझ्या भावाला इचारा. त्याला दुसरं काय येत न्हाई.”

तो हसला. हसला की तो स्टेअरिंगवर दोन्ही अंगठ्यांनी ताल धरायचा. खड्डा आला तरी ताल चुकायचा नाही.

मे महिना, साल सत्त्याऐंशी, सकाळचे आठ. आमच्या गावाहून मिरजेला यायचं तर मधे रेड्याची खिंड चढावी लागते. आमची जीप ती दिवसातून चार वेळा चढायची, वडाप म्हणून. पुढं तीन, मधे चार, मागं सहा आणि पायरीवर लोंबकळतील तेवढे. त्या दिवशी मात्र जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. स्टँडवर हात करणाऱ्यांना दादानं ओरडून सांगितलं होतं, “आज वडाप न्हाई! आज बाईसाहेबांची गाडी हाय!”

चार सिलिंडर एका ओळीत असतात, तो सांगत होता. पण ओळीनं पेटत नाहीत. एकापाठोपाठ पेटले तर इंजन हिसके खाऊन स्वतःला मोडून घेईल. म्हणून उड्या मारत पेटायचं. एक झाला की तीन, मग चार, आणि दोन शेवटी.

मीही असंच सांगणार आहे. ओळीनं सांगायला गेले की माझं दर वेळी मोडतं. तेव्हा एक झाला की तीन, मग चार. दोन गाळलेला नाही. शेवटी आहे.

जीप आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची. दादा चोवीस वर्षांचा, नाव सर्जेराव. जूनमध्ये त्याचं लग्न होतं. सोयरिकीच्या बैठकीत आबांनी चारचौघांत शब्द दिला होता, पोराला हळद लागली की जीप पोराच्या हातात, मी उतरणार. ते ऐकूनच मुलीच्या बापानं सुपारी फोडली होती. मी अठराची. मला आबांनी एकच मुलाखत दिली होती. “एकदा जा. नाव लागलं तर लागलं. न्हाई लागलं तर परक्यांची अंगं पुसायचं परत नाव काढायचं न्हाई. पुढल्या साली उजवून टाकायची.” आई मधे पडली नसती तर तेवढंही मिळालं नसतं.

आबांच्या दोन सवयी इथंच सांगून ठेवते. जीपमध्ये पाण्याचे दोन कॅन असायचे, कायम भरलेले. बाकीचे जीपवाले एकच ठेवत. आणि दर अमावस्येला ते जीपची पूजा करत, एकटे. चाकाखाली लिंबू, बॉनेटला हळदकुंकू, पुढं नारळ. आम्ही जवळ गेलो तर हाकलून द्यायचे. “गाडीचं दैवत एकट्यालाच वळखतं,” म्हणायचे. म्हणून समोरच्या कप्प्यात हळदीची पुडी कायम. चांगली मूठ-दोन मुठी. सांगली जिल्ह्यात हळदीला काय तोटा.

खिंडीच्या पायथ्याला दादानं एक कॅन रेडिएटरला पाजला. रोजचंच होतं ते. दुसऱ्या वळणावर काटा चढायला लागला. तिसऱ्या वळणावर तो लाल रेघेच्या पलीकडं गेला आणि दादानं ताल धरणं थांबवलं. एका लिंबाच्या सावलीला जीप उभी केली, बॉनेट उघडलं. आत काहीतरी सुस्कारे टाकत होतं.

“किती वेळ?” मी विचारलं.

“पाऊण तास.”

“पाऊण तास?”

“गार व्हायला पाहिजे की आधी.”

“कॅन भरलेला हाय न्हवं? वत की पाणी.”

त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते. “तापल्याल्या इंजनाच्या ब्लॉकला गार पाणी दाखवायचं न्हाई, शाले. बीड असतंय ते. आईनं बिडाचा तवा चुलीवरनं काढून मोरीत धरला हुता, काय झालं?”

“तडकला.”

“मग?”

मी घड्याळ बघितलं. नऊ वाजून दहा. तिथून मिरज सव्वा तास. पत्रात लिहिलं होतं, अकरानंतर येणाऱ्या उमेदवारांचा विचार केला जाणार नाही. पाऊण तास आणि सव्वा तास. मी बोटांवर मोजलं. दादानं न मोजताच मान हलवली.

“अकरा-दहा,” तो म्हणाला.

“अकराला दार लावत्यात.”

“बघू. कायतरी करू.” त्यानं रिकामा कॅन उचलला. “खाली हापसा हाय. हे भरून आणतो. एक भरल्याला हाय, एक हा. दोन्ही असलं की पुढं थांबायला नको. तवर वारा लागू दे त्येला. पळत जातो. तू कशाला हात लावू नको.”

तो खरंच पळत गेला. उतारावर त्याच्या चपलांचा फटफट आवाज बराच वेळ येत राहिला. मग तो थांबला.

नऊ वाजून बारा. भरलेला कॅन माझ्या पायाशी होता.

तीन

“ऐका आता,” बसाप्पा कुंभार म्हणाला, आणि साखळीला टांगलेल्या ब्लॉकवर त्यानं छोटी हातोडी मारली.

ठण्ण.

तो वाकून दुसऱ्या बाजूला गेला. परत मारली.

बद्द.

“ऐकलं की?” तो म्हणाला. “आमचा आजा मिरजेच्या बाजारात गाडगी विकत होता. गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी टिचकी मारून दाखवायचा. मी गाडगी विकत न्हाई, पण वाजवून बघतो की. फुटकं गाडगं आन् फुटका ब्लॉक, दोघं एकच बोलतात.”

दुसऱ्या दिवसाची दुपार होती. आदल्या दिवशी आम्ही वेळेत पोचलो होतो, अकराला पाच कमी असताना. मुलाखत झाली. परत निघालो आणि मिरजेच्या बाहेर चार मैलांवर जीप मेली. दादानं तेलाची कांडी ओढून बघितली. तेल काळं असतं. ते दुधाच्या चहासारखं झालं होतं. तेलात पाणी शिरलं होतं, म्हणजे ब्लॉक आतून फुटला होता. एका ट्रॅक्टरनं ओढत बसाप्पाच्या वर्कशॉपला आणलं. मी मावशीकडं मुक्कामाला राहिले, कारण यादी दुसऱ्या दिवशी लागणार होती. दादा वर्कशॉपच्या ओट्यावर झोपला. सकाळी पहिल्या एस.टी.नं आबा आले.

मी यादी बघून थेट तिथं गेले. आईची साडी नेसले होते. डावा हात पदराखाली होता. मनगटापासून तळव्यापर्यंत भाजला होता. कसा, ते पुढं.

हाताबद्दल मुलाखतीतही विचारलं होतं. मधल्या खुर्चीतल्या जाड चष्म्याच्या बाई म्हणाल्या होत्या, “हे कधी झालं?”

“सकाळी. येताना.”

“काय लावलंस?”

“काही नाही. गार पाणी ओतलं. बराच वेळ.”

“हळद नाही? शाई? तूप?”

“नाही.”

“कुणी सांगितलं तसं करायला?”

“भावानं.”

“काय करतो भाऊ?”

“ड्रायव्हर आहे.”

बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं होतं. मग दुसरा प्रश्न विचारला होता, तो मला आता आठवत नाही.

वर्कशॉपच्या दारात मला सगळ्यात आधी दादानं बघितलं. “लागलं?”

मी मान हलवली.

“कितवं?”

“सातवं.”

त्याचे अंगठे ओट्याच्या कडेवर दोनदा वाजले. आबा स्टुलावर बसले होते, टोपी गुडघ्यावर. त्यांनी मान वर केली नाही. “बघू ते मागनं,” म्हणाले. “आधी हे बघू.”

बसाप्पानं रॉकेलचा बोळा ब्लॉकच्या त्या बाजूवर फिरवला, दोन नंबरच्या सिलिंडरपाशी. कोरड्या फडक्यानं पुसून काढलं. मग कुटलेला खडू पाण्यात कालवून त्याचा पातळ हात दिला, चुना देतात तसा. “आता गप बसायचं,” तो म्हणाला. “भेगेत रॉकेल शिरलेलं असतं. ते हळूहळू खडूत उतरतं. आपण विचारायचं न्हाई. तेच सांगतं.”

खडू वाळला. पांढरा झाला. मग त्यात एक रेघ उमटायला लागली, केसाएवढी, वरून खाली. आम्ही चौघं ती वाढताना बघत होतो.

बसाप्पानं रेघेला बोटं लावून मोजली. “तीन बोटं तांबडी. पिवळट तांबडी. आन् हे खालचं एक बोट नुसतं वलं.” त्यानं वरच्या रेघेवर नख घासलं, नाकाला लावलं. त्याचा चेहरा फुलला. “आबा! ह्येला हळद लागल्या की! नवरदेवाच्या आधी ब्लॉकला!”

दादा खदखदून हसला. “मिस्त्री, काय पण! पूजेची हळद आत कशी जाईल?”

आणि तो हसायचा थांबला. एकदम नाही. हसू तोंडावर राहिलं आणि डोळे आधी थांबले. तो आबांकडं बघायला लागला.

“जुना तडा हाय हा,” बसाप्पा आपल्या नादात सांगत होता. “दोन वर्सं तरी. आत गंज चढलाय. कुणीतरी रेडिएटरातनं हळद पाजलीय की ह्येला. हळद फुगून भेगेत बसते, गळती थांबते. महिनाभर दम काढते. मग धुऊन जाते, परत पाजायची.”

“दर अवसंला,” दादा हळूच म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. एखादं कोडं सुटल्यावर माणूस स्वतःशी उत्तर म्हणून बघतो, तसं तो म्हणाला. पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. आबांचे कान लाल झाले. दोन वर्षं गावानं त्या पूजेला हात जोडले होते. मीही जोडले होते.

आबा उठले. टोपी खाली पडली, ती उचलली नाही. “आन् ह्ये? ह्ये खालचं एक बोट? ह्ये कुणाचं?”

“हे कालचं,” बसाप्पा म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता. “गंज न्हाई, हळद न्हाई. कोरा तडा हाय. तापलेल्यावर गार पाणी पडलंय.”

“माझी तीन बोटं दोन वर्सं चालली. खिंड चढली. माणसं नेली, आणली. ह्या एका बोटानं इंजन मेलं. सर्जा! तापल्यावर गार पाणी दाखवायचं न्हाई, ही पयली गोष्ट शिकवली तुला. पयली! कुणी वतलं पाणी?”

दादानं माझ्याकडं बघितलं नाही. तो खाली बघत होता. जमिनीवर रॉकेलचे थेंब पडले होते, त्यांच्याकडं.

“सांडलं,” तो म्हणाला.

“काय?”

“पाणी. सांडलं.”

बसाप्पाच्या नाकातून हसू फुटलं, त्यानं ते आवरलं.

“सांडलं?” आबा म्हणाले. “बॉनेट उघडून, रेडिएटराचं झाकण काढून, बरुब्बर भोकात सांडलं? मला खुळा समजतोस?”

“सांडलं, आबा.”

माझं तोंड उघडलं होतं. हे मला नीट आठवतं, कारण खडूची चव जिभेवर आली होती. एक शब्द पुरला असता. आणि त्या शब्दानंतर आबा काय म्हणाले असते तेही मला ठाऊक होतं. सातवं नाव. एक तारखेला हजर व्हायचं होतं.

पदर सरकला. बसाप्पाची नजर माझ्या हातावर गेली. तिथून ती बाकावर ठेवलेल्या रेडिएटरच्या झाकणावर गेली. त्यानं झाकण उचललं, उलटं केलं, परत ठेवलं.

“पदर सांभाळ, पोरी,” तो म्हणाला. “रॉकेल उडतंय.”

मी हात झाकला.

“सर्जा,” आबा म्हणाले. आवाज आता शांत होता, आणि ते जास्त वाईट होतं. “आजपास्नं माझ्या जीपच्या स्टेअरिंगला हात लावायचा न्हाई. लगीन होवो, न होवो.”

चार

ब्लॉकला टाके घालतात. डॉक्टर घालतात तसेच, फक्त भोकं ड्रिलनं पाडायची आणि दोऱ्याच्या जागी आट्याचे खिळे पिळायचे. पहिल्या खिळ्याच्या अंगावर दुसरा थोडा चढवायचा, दुसऱ्यावर तिसरा. तडा संपेपर्यंत खिळ्यांची साखळी होते. मग घासून सपाट करायचं. वरून हात फिरवला तर काही लागत नाही.

पण आधी टोकाला एक भोक पाडावं लागतं. तडा कायम टोकानं पुढं चालतो. टोकालाच गोल भोक मिळालं की त्याला पुढं जायला वाट उरत नाही, तिथं तो थांबतो. अडचण एवढीच की टोक दिसतं तिथं नसतं. डोळ्याला जिथं रेघ संपली असं वाटतं, त्याच्याही पुढं ते असतं.

हे मला दादानं सांगितलं. त्याला बसाप्पानं.

चार दिवसांनी जीप तयार झाली. आबा ती चालवत घरी घेऊन गेले. दादा गेला नाही. दिवा धरायला, खिळे पिळायला म्हणून तो तिथं थांबला होता तो थांबलाच. जूनमध्ये लग्न झालं नाही. मुलीच्या बापानं सुपारी परत पाठवली, पोराच्या हातात गाडी नाही म्हटल्यावर. चार वर्षांनी दुसरीकडं झालं. वहिनी चांगली आहे. पण ती मुलगी मी बघितली होती. बैठकीत चहा द्यायला आली तेव्हा दादाचे अंगठे बशीवर वाजत होते.

एक तारखेला मी हजर झाले. पहिल्याच महिन्यात सिस्टर ट्यूटरनं ताप आलेल्या रोग्याचं अंग कसं पुसायचं ते शिकवलं. “कोमट पाणी,” त्या म्हणाल्या. “किती का ताप असेना, एकदम गार पाणी नाही. लिहून घ्या.” सगळ्या मुलींनी लिहून घेतलं. माझ्या वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे.

खिंडीतल्या त्या पाण्यावर मी चौतीस वर्षं नोकरी केली.

आबांना मी सांगितलं का?

बारा वर्षांनी ते माझ्याच वॉर्डात होते. जीप तोवर मोडीत गेली होती. ताप उतरत नव्हता. मी त्यांचं अंग पुसत होते, कोमट पाण्यानं. परक्यांची अंगं पुसणारे हात त्यांना आता चालत होते. “आबा,” मी म्हणाले, “त्या दिवशी खिंडीत…”

त्यांनी डोळे उघडले.

“सर्जा चांगली चालवायचा,” ते म्हणाले. “तुला सांगतो, हळद मी…”

तेवढंच. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मी फडकं पिळलं आणि पाठ पुसली. दोघांचंही वाक्य तिथंच राहिलं. चार दिवसांनी ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी वर्कशॉपला गेले. बसाप्पा थकला होता, बाहेर खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या देत होता. आत दादा एका ट्रकच्या ब्लॉकवर वाकला होता. त्याच्या बोटांच्या कडा खडूनं पांढऱ्या झाल्या होत्या. आज मिरजेत कुणाचंही बीड फुटलं तर सर्जेरावकडं ने म्हणतात. दादानं मात्र त्या दिवसानंतर कुठलीच गाडी चालवली नाही. लोक हजारदा म्हणाले, घे चावी, एक चक्कर मारून बघ. तो सायकलनं येतो आणि सायकलनं जातो.

“दादा,” मी म्हणाले. “मी वतलं हुतं.”

“काय?”

“पाणी. खिंडीत. मी वतलं.”

त्यानं मान वर केली नाही. “सांडलं हुतं ते.”

“दादा…”

“शाले, ह्येचं टोक सापडंना झालंय. माझी नजर गेली आता. तू बघ जरा.” त्यानं भिंग माझ्या हातात दिलं.

मी वाकले. खडूवर रेघ होती. संपत होती तिथं संपत नव्हती. भिंग सरकवत गेले, तर एका मोहरीएवढ्या अंतरावर ती परत दिसली आणि मग खरंच थांबली. मी तिथं बोट ठेवलं.

“हितं?”

“हितं.”

त्यानं माझं बोट बाजूला केलं आणि तिथं भोक पाडलं.

दोन

नऊ वाजून बारा.

नऊ वाजून पंधरा. चपलांचा आवाज येत नव्हता. हापसा किती लांब आहे ते मला ठाऊक नव्हतं.

नऊ वाजून अठरा. मी बॉनेटच्या जवळ गेले. सुस्कारे कमी झाले होते, म्हणजे मला तसं वाटलं. दादाचं ऐकायचं नाही असं मी ठरवलं नव्हतं. मी फक्त दार बघत होते. मिरजेतलं, अजून न बघितलेलं एक दार, अकराला बंद होणारं. मला ते हिरवं दिसत होतं. प्रत्यक्षात ते तपकिरी निघालं.

पदराचा बोळा करून मी झाकण पिळलं. ते सुटलं आणि वाफ उसळली. हात मागं ओढेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. मी ओरडले, पण खिंडीत ऐकायला कुणी नव्हतं. आणि मग, हात भाजलेला असतानाच, मी दुसऱ्या हातानं कॅन उचलला. ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. झाकण उघडलं तिथं थांबता आलं असतं. हात भाजल्यावर तर कुणीही थांबलं असतं. मी कॅन गुडघ्यावर टेकवला आणि ओतला. सगळा.

टक्.

मोठा आवाज नव्हता. बोट मोडल्यावर होतो तेवढा. मग आत सगळं शांत झालं, फारच शांत.

मी झाकण लावलं. कॅन जीपच्या बाजूला आडवा टाकला. दगडावर बसले आणि हात पाठीमागं घेतला.

दादा आला तेव्हा नऊ वाजून अठ्ठावीस झाले होते. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. भरलेला कॅन दोन्ही हातांनी पोटाशी धरून तो चढ पळत आला होता. हापसा अर्ध्या मैलावर होता, हे मला नंतर कळलं.

त्यानं कॅन खाली ठेवला. आडवा पडलेला दुसरा बघितला.

“काय झालं ह्येला?”

“सांडलं,” मी म्हणाले.

तो कॅनजवळ गेला. खालच्या मातीकडं बघितलं. मे महिन्यातली माती, पिठासारखी. तिच्यात जाताना उमटलेली त्याची स्वतःची पावलं होती, कोरडी, कडा न मोडलेली. पाण्याचा एक थेंब नव्हता. मग त्यानं रेडिएटरकडं बघितलं. झाकणाच्या भोवती ओलं होतं आणि त्यातून वाफ निघत होती. त्यानं तळहात ब्लॉकच्या जवळ नेला, टेकवला नाही, नुसता धरला. कान तिकडं केला. तसाच उभा राहिला.

मी हात पाठीमागं आणखी सरकवला.

“सांडलं असंल,” तो म्हणाला.

मग माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. “हात दाव.”

“काय न्हाई झालं.”

“दाव म्हणतो न्हवं.”

मी हात पुढं केला. तळव्यावर कातडी वर आली होती. त्यानं माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं भरलेला कॅन तिरका केला. हापशाचं पाणी, बर्फासारखं गार. मी हात ओढायला लागले, त्यानं सोडला नाही.

“दादा, गार पाणी…”

“ब्लॉकला दाखवायचं न्हाई,” तो म्हणाला. “भाजल्याल्या हाताला दाखवायचं. एकटाक धार लावायची. थांबवायची न्हाई.”

“रेडिएटरला राहू दे की थोडं.”

“त्येला मिळालंय,” तो म्हणाला. “हलू नको.”

तो ओतत राहिला. अर्धा मैल पोटाशी धरून आणलेलं पाणी माझ्या हातावरून दोघांच्या पायांमधे पडत होतं. आधी मातीनं ते पिऊन टाकलं. मग तिथं डबकं साचलं, डबक्यातून एक ओघळ निघाला आणि जीपच्या चाकाखाली गेला. शेवटचे थेंब त्यानं कॅन हलवून हलवून पाडले. रुमाल भिजवून माझ्या हाताला गुंडाळला आणि हलकी गाठ मारली.

मग उभा राहिला. दोन्ही कॅन उचलले, दोन्ही रिकामे. खाली बघितलं. आम्ही बसलो होतो ती सगळी जागा ओली झाली होती.

“आता सांडलं,” तो म्हणाला. “चल, बस.”